किल्ल्यावर शिवरायांच्या शेजारी कोण?
दिवाळीचा किल्ला किंवा घरातलं शोकेस यांसाठी लहान मूर्ती करून घेणाऱ्या ग्राहकांना माहिती

दसरा झाला की बेळगावात गल्लोगल्ली माती कालवायला सुरुवात होते. पोरं दगड आणतात, पोती अंथरतात, मोहरी पेरतात आणि मग मावळे घ्यायला आमच्याकडं येतात. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफा हे सगळं आम्ही करतोच आणि करत राहू. या पत्रकात मात्र ज्यांच्या मूर्ती सहसा कुणी मागत नाही, अशा माणसांबद्दल सांगायचं आहे. ती आपल्याच भोवतालची आहेत.

सुरुवात हिरोजी इंदुलकरांपासून करू. रायगड त्यांनी बांधला. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ (इटळकर म्हणजे इंदुलकरच) एवढीच अक्षरं आहेत. किल्ला करणाऱ्या पोरांनी किल्ला बांधणाऱ्यालाच विसरावं हे आम्हाला पटत नाही. आम्ही त्यांना हातात ओळंबा धरलेले, मान वर करून बुरुजाकडं बघणारे असे करतो. ही मूर्ती दरवाजापाशी ठेवा, महाराजांजवळ नको.

आता काकतीची लेक, कित्तूरची राणी चन्नम्मा. हायवेनं जाताना काकती रोज लागते, पण चन्नम्माची छोटी मूर्ती दुकानात शोधून मिळत नाही. मागणारेही बहुतेक विशीतली, नाजूक चेहऱ्याची राणी मागतात. तिचा जन्म १७७८ चा. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या लढाईत इंग्रज कलेक्टर थॅकरे पडला तेव्हा ती सुमारे ४६ वर्षांची होती. नवरा मल्लसर्ज जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगा त्याच वर्षी गेला होता, आणि घेतलेलं दत्तक ईस्ट इंडिया कंपनी मानायला तयार नव्हती. हे सगळं सोसून घोड्यावर बसलेली बाई आम्हाला करायची असते. म्हणून डोळ्यांखाली सुरकुती, आवळलेला जबडा, पाठ ताठ. तरुण चेहरा हवा असेल तर आधी आमच्याशी एकदा बोला. आम्ही आग्रह करू, हे आधीच सांगून ठेवतो.

तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी दिलं. खानापूर तालुक्यातल्या आपल्या कित्येकांचा नंदगडशी बाजाराचा, सोयरिकीचा संबंध आहे. रायण्णा कन्नड आणि आपण मराठी, मग त्याची मूर्ती आपण का ठेवायची, असं एका ग्राहकानं विचारलं होतं. ज्या मातीत आपण किल्ला करतो त्याच मातीसाठी तो लढला, एवढं आम्हाला पुरतं. चन्नम्मा आणि रायण्णा दोघेही कॅमेरा यायच्या आधीचे. त्यामुळं चेहरा आम्ही कल्पनेनं करतो, आणि तसं बैठकीखाली लिहूनही देतो.

बेळवडीच्या राणी मल्लम्मावर आमचा विशेष जीव. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना १६७८ मध्ये महाराजांच्या फौजेला तिच्या गढीपुढं बरेच दिवस अडकून पडावं लागलं. पुढं तिचा मान राखला गेला, आणि धारवाडजवळच्या यादवाडला शिवरायांचं जे शिल्प आहे ते तिनंच करवून घेतलं असं मानतात. म्हणून तिची सुटी मूर्ती न करता आम्ही हातभर फळीवर उठावाचं काम करतो. किल्ल्याच्या पायथ्याला ती फळी टेकवली की महाराज आणि मल्लम्मा एकाच देखाव्यात येतात.

तलवारीशिवायची माणसंही आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान थाटलं, पुढं लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला बिचकत होते. नांगराला हात लावून उभे लक्ष्मणराव शाळेच्या प्रदर्शनात छान दिसतात. सुळेभावीचे कुमार गंधर्व (जन्म ८ एप्रिल १९२४) यांची बसलेली मूर्ती करताना तंबोऱ्याच्या तारा आम्ही वाइंडिंगच्या बारीक तांब्याच्या तारेच्या ओढतो. हुदलीचे स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांडे मागणीप्रमाणे करू. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचा देखावा करणाऱ्या शाळांनी गांधीजींसोबत त्यांनाही जरूर घ्यावं.

आता मापाचं. उभा माणूस आमच्याकडं ५४ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचा. घोडेस्वार साधारण ७५ मिलिमीटर. दरवाजा निदान पाच इंच उंच ठेवा, म्हणजे त्यातून हत्ती जाईल असं वाटतं. दरवाज्यापेक्षा मावळा मोठा झाला की सगळी मेहनत वाया जाते.

पहिली मूर्ती तारेच्या सांगाड्यावर इपॉक्सी पुट्टीनं हातानं घडते. मग सिलिकॉनचा साचा, त्यातून रेझिनची प्रत, अस्तर, अ‍ॅक्रिलिक रंग आणि शेवटी मॅट वॉर्निश. तलवार पातळ असते, उन्हानं वाकली तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. मोहरीला पाणी घालताना मूर्ती बाजूला काढा. ही मूर्ती विसर्जनाची नाही, पुसून पेटीत ठेवलीत तर वर्षानुवर्षं चालेल. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका, भाले-तलवारी तोंडात जातात.

नवी मूर्ती घडवायला तीन आठवडे लागतात, म्हणून दिवाळीची ऑर्डर घट बसायच्या आत द्यावी. येताना जुना फोटो, घरातलं चित्र, गावातल्या पुतळ्याचा मोबाईलवरचा फोटो, जे असेल ते आणा. आणि तुमच्या गावात असं कोणी होऊन गेलं असेल, ज्याची मूर्ती कुठंच नाही, तर घरातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन या. अंगरखा कसा होता, पागोटं कुठल्या बाजूला झुकलेलं असायचं, चालताना काठी कुठल्या हातात, हे तेच सांगू शकतात.