किडा, तांबं आणि तुरटी: बुडालेल्या जहाजांच्या कुजण्यामागची गोष्ट

टायटॅनिकचे नवे फोटो आले की बातमी ठरलेली असते: आणखी काहीतरी ढासळलं. २०२४च्या मोहिमेत नाळेवरच्या, म्हणजे अगदी पुढच्या टोकावरच्या कठड्याचा मोठा तुकडा गळून पडलेला दिसला. सप्टेंबर १९८५मध्ये सुमारे ३,८०० मीटर खोलीवर ही बोट सापडली, तेव्हाही तिच्या अंगावरून गंजाचे सुळके लोंबत होतेच. त्यात गंजाबरोबर जिवाणूंच्या वसाहती असतात. १९९१ साली वर आणलेल्या सुळक्यात सापडलेल्या एका जिवाणूला २०१० साली ‘हॅलोमोनास टायटॅनिकी’ हे नावही मिळालं.

पण पोलाद हा या गोष्टीतला उशिरा आलेला पाहुणा. त्याआधी कित्येक शतकं दर्यावर्दींना धास्ती होती ती टेरेडोची. दिसायला अळीसारखा, पण खरा शिंपल्यांच्या कुळातला हा प्राणी. लहानपणी लाकडात शिरतो तेव्हा भोक टाचणीच्या डोक्याएवढं. मग आत वाढत, पोखरत जातो आणि बोगद्याला पांढऱ्या चुन्याचं अस्तर लावत राहतो. शेजाऱ्याचा बोगदा आला की वळतो, त्यात घुसत नाही. बाहेरून फळी धडधाकट, आतून मधाचं पोळं. १५०३ साली कोलंबस जमैकाला अडकून पडला तो या किड्याने चाळण केलेल्या दोन जहाजांमुळेच. १७३०च्या दशकात नेदरलँड्समध्ये समुद्र अडवणाऱ्या बांधांचे लाकडी खांब त्याने खाल्ले, तेव्हा कुठे विद्वानांनी त्याचा गांभीर्याने अभ्यास सुरू केला.

ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. किडा थांबला. दोनेक वर्षांनी जहाज तपासायला घेतलं, तर पत्रा ठीक, पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे पार खाल्लेले. गंमत अशी, की पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता तो काही ठिकाणी तसाच आत राहिला होता आणि तिथले खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची जणू बॅटरी होते आणि त्यातला एक झिजतो. व्होल्टाची, म्हणजे जगातली पहिली बॅटरी यायला तेव्हा अजून जवळपास चाळीस वर्षं होती. कागदाच्या एका कपट्याने मात्र हे आधीच दाखवून दिलं होतं.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ साली हेच सूत्र उलटं वापरलं. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले की ते झिजतात, तांबं वाचतं. प्रयोग इतका यशस्वी झाला की फसला: तांबं झिजेना, म्हणून त्याचं विष पाण्यात उतरेना, आणि जहाजांच्या तळाला शंख-शिंपल्यांचा थर चढला.

या सगळ्या इतिहासात मला हेच दिसतं. इलाज लागू पडतो आणि त्याच्याच पोटातून नवं दुखणं निघतं.

‘वासा’ या स्वीडिश युद्धनौकेचं उदाहरण तर त्याचा कळस. १६२८ साली पहिल्याच सफरीत ती स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. बाल्टिकचं पाणी टेरेडोला पुरेसं खारं नाही, तेव्हा तिथली लाकडी जहाजं टिकली असणार, असा हिशेब करून अँडर्स फ्रान्झेनने १९५६ साली ती शोधली. १९६१ साली ती वर आली. शतकानुशतकं भिजलेलं लाकूड तसंच वाळू दिलं तर आक्रसतं, तडकतं. म्हणून सतरा वर्षं तिच्यावर पॉलिएथिलिन ग्लायकॉलचा फवारा मारला. पाण्याची जागा या मेणासारख्या पदार्थाने घ्यावी म्हणून.

मग २०००च्या दमट उन्हाळ्यात तिच्या लाकडावर पांढरे-पिवळे डाग उठले. शहराच्या सांडपाण्याने घाण झालेल्या बंदरात जिवाणूंनी तयार केलेला गंधक लाकडात मुरला होता. लोखंडी बोल्ट गंजून त्यांचं लोखंडही तिथेच पसरलं होतं. पाण्याखाली ऑक्सिजन नव्हता तोवर सगळं शांत होतं. संग्रहालयातल्या हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होऊ लागलं. जहाज वर काढल्यावर बसवलेले पाच हजारांवर बोल्टही गंजणारेच निघाले. तेही पुढे स्टेनलेस स्टीलचे करावे लागले.

नॉर्वेत १९०४ साली उकरलेल्या ओसेबर्ग या व्हायकिंग काळातल्या जहाजाबरोबरच्या नाजूक लाकडी वस्तूंचं याहून वाईट झालं. त्या काळच्या उत्तम समजुतीप्रमाणे त्या तुरटीच्या गरम द्रावणात बुडवल्या. आकार राहिला. पण त्या प्रक्रियेतच आम्ल तयार झालं आणि शंभर वर्षांत आतलं लाकूड हात लावला तर भुगा होईल इतकं पोखरलं गेलं.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ हे बुडालेलं जहाज २०२२ साली वेडेल समुद्रात ३,००८ मीटर खोलीवर सापडलं, तेव्हा मागच्या बाजूचं नावही वाचता येत होतं. अंटार्क्टिकाच्या त्या पाण्यात लाकूड खाणारे किडे नाहीत. शोधणाऱ्यांनी फोटो काढले, मोजमापं घेतली आणि जहाजाला हात न लावता परतले.