पार्श्वभूमी : पोलंडमधील स्मृतीचे कायदे

26 जानेवारी 2018 रोजी पोलंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एका जुन्या कायद्यात दुरुस्ती केली. नाझी जर्मनीच्या गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर किंवा राज्यसंस्थेवर ‘वस्तुस्थितीला सोडून’ टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद तीत होती. दुसऱ्याच दिवशी ज्यूंच्या वंशसंहाराचा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन होता, त्यामुळे इस्रायलमधून तीव्र प्रतिक्रिया उमटली. तरीही अध्यक्ष आन्द्रेय दुदा यांनी 6 फेब्रुवारीला विधेयकावर स्वाक्षरी केली.

हा मूळ कायदा 1998 चा, आणि त्याचा हेतू जवळजवळ उलटा होता. 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी कातीन व अन्य ठिकाणी सुमारे 22,000 पोलिश अधिकारी व नागरिकांना ठार मारले, पण कम्युनिस्ट राजवटीत त्याविषयी उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. मॉस्कोने स्वतःची जबाबदारी मान्य केली ती थेट 1990 मध्ये. पोलिश नागरिकांच्या सोव्हिएत संघात झालेल्या सक्तीच्या हद्दपारीबद्दलही असेच मौन होते. (त्या हद्दपारीतून सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत काही वर्षे राहिले, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेल.) दडपलेले दप्तर खुले करण्यासाठी आणि गुन्ह्यांचा तपास करण्यासाठी 1998 च्या कायद्याने राष्ट्रीय स्मृती संस्था स्थापन केली, तसेच नाझी व कम्युनिस्ट गुन्हे नाकारणे हाही गुन्हा ठरवला. म्हणजे शिक्षेचा मार्ग तेव्हाच खुला झाला होता, मात्र त्यामागे बळींची बाजू होती.

येद्वाब्नेच्या प्रकरणाने ही बाजू गुंतागुंतीची केली. जुलै 1941 मध्ये त्या गावातील ज्यूंना त्यांच्याच पोलिश शेजाऱ्यांनी मारले, अनेकांना कोठारात कोंडून जाळले, ही गोष्ट 2000 च्या सुमारास देशभर चर्चेत आली. स्मृती संस्थेने स्वतः तपास करून किमान 340 बळी गेल्याचे आणि जर्मन चिथावणीने का होईना, प्रत्यक्ष कृत्य स्थानिक पोलिश रहिवाशांनी केल्याचे नोंदवले. अध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी 2001 मध्ये माफी मागितली. अनेकांना मात्र तो राष्ट्राचा अपमान वाटला.

दुसरी तक्रार अगदी रास्त होती. व्याप्त पोलंडमधील मृत्युछावण्या जर्मनांनी उभारल्या आणि चालवल्या, तरी परदेशांत त्यांना सर्रास ‘पोलिश छावण्या’ म्हटले जाई. 2012 मध्ये बराक ओबामा यांच्या तोंडूनही तसे शब्द गेले. 2018 च्या दुरुस्तीने या रास्त तक्रारीचाच आधार घेतला, पण तिची भाषा इतकी सैल होती की, येद्वाब्नेबद्दल लिहिणाऱ्यालाही धास्ती वाटावी. विद्वत्तेला व कलेला सूट होती, परंतु पत्रकार, शिक्षक किंवा संहारातून जिवंत राहिलेला साक्षीदार त्या सवलतीत बसत नव्हता.

अमेरिका आणि इस्रायलच्या दबावाखाली 27 जून 2018 रोजी फौजदारी शिक्षा वगळण्यात आली. राष्ट्राच्या लौकिकासाठी दिवाणी दावा करण्याची मुभा मात्र राहिली. 2021 मध्ये बार्बरा एंगेलकिंग आणि यान ग्राबोव्स्की या इतिहासकारांवर ज्यूंच्या वंशसंहारावरील त्यांच्या पुस्तकावरून चाललेला खटला मात्र या कायद्याखाली नव्हे, तर सर्वसाधारण दिवाणी कायद्याखाली होता. फेब्रुवारीत त्यांना माफी मागण्याचा आदेश मिळाला आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला.