टीव्ही ट्यूनर घेताय? ड्रायव्हर नंतर, आधी स्टँडर्ड बघा

टीव्ही ट्यूनर म्हणजे कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं उपकरण, बहुतेक वेळा यूएसबीची छोटी स्टिक. "स्टिक लावली, ड्रायव्हर टाकला, स्कॅन केलं, पण चॅनेल शून्य." असे फोन आम्हाला सारखे येतात. तोवर ग्राहकाने तीन-चार ठिकाणांहून ड्रायव्हर उतरवून, कधी कधी विंडोजसुद्धा नव्याने टाकून आख्खा रविवार घालवलेला असतो. बहुतेक वेळा ड्रायव्हर ठीकच असतो, चुकलेलं असतं ते स्टँडर्ड, म्हणजे प्रक्षेपण पाठवण्याची पद्धत.

छत्रीवरून येणारं प्रक्षेपण डीव्हीबी-एस किंवा एस२ असतं. डीडी फ्री डिशवर दोन्ही आहेत. केबलचं डीव्हीबी-सी. अँटेनासाठी दूरदर्शनने डीव्हीबी-टी२ घेतलं. अमेरिकेत एटीएससी, जपानात आयएसडीबी-टी. चिप ज्या स्टँडर्डची असेल तेवढंच ती उलगडते. ड्रायव्हर फक्त कॉम्प्युटरला चिपशी बोलायला लावतो, चिपला नवं काही शिकवत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नाही म्हणून चॅनेल येतीलच असं नाही.

एका काकांकडे मुलाने अमेरिकेहून पाठवलेला ट्यूनर होता. छत्रीची वायर त्याच्या आट्यांवर अगदी नीट बसली, कारण एफ कनेक्टर दोन्हीकडे सारखाच. पण तो ट्यूनर अमेरिकेतल्या एटीएससीचा, छत्रीसाठी नव्हेच. छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या पुढच्या डबीला) ट्यूनरकडून 13 किंवा 18 व्होल्ट जावे लागतात. मल्टीमीटर लावून दाखवला, शून्य! तेव्हा त्यांना पटलं.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या आरटीएल2832यू चिपच्या स्टिक नुसत्या डीव्हीबी-टीच्या असतात, टी२सुद्धा नाही. खोक्यावर मात्र ठळक 'डिजिटल टीव्ही'. शिवाय मॉडेल तेच ठेवून आतली चिप बदललेली असते, आणि ड्रायव्हर चिप बघून लागतो, खोक्यावरचं नाव बघून नाही. लिनक्सवर कधी कधी फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइलही वेगळी टाकावी लागते.

म्हणून आम्ही घरी येण्याआधी हार्डवेअर आयडीचा, म्हणजे आतली चिप ओळखायला मदत करणाऱ्या क्रमांकाचा, फोटो मागतो. डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' पुढे चार-चार अक्षरं दिसतील. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' (lsusb) चालवावं. काहींना ही नसती कटकट वाटते. पण त्या आठ अक्षरांनी तुमचा व्हिजिट चार्ज वाचतो.

आमच्याकडचे एस२ ट्यूनर ऑनलाइनपेक्षा थोडे महाग आहेत, हे खरं. पण प्रत्येक नग विंडोज आणि उबुंटूवर चालवून, गच्चीवरच्या फ्री डिशच्या छत्रीवर तुमच्यासमोर स्कॅन करूनच देतो. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचे चॅनेल मात्र सांकेतिक असतात, ते त्या कंपनीच्या बॉक्सशिवाय दिसणार नाहीत. ते दिसतील म्हणून ट्यूनर घेऊ नका.

येताना लॅपटॉप, चार्जर आणि जुनी स्टिक असेल तर तीही आणा. ती चालण्यासारखी असेल तर नवीन घ्यायला लावणार नाही.