जेरी ऑरबॅक : ‘लॉ अँड ऑर्डर’च्या आधीची रंगभूमी

‘लॉ अँड ऑर्डर’ या अमेरिकी मालिकेतला पोलीस डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्को जेरी ऑरबॅक यांनी १९९२ ते २००४ अशी बारा वर्षे रंगवला आणि जगभरच्या प्रेक्षकांनी त्यांना ओळखले ते याच भूमिकेमुळे. ब्रिस्को पडद्यावर आला तेव्हा ऑरबॅक ५७ वर्षांचे होते आणि त्याआधीची अनेक वर्षे त्यांनी प्रामुख्याने संगीत रंगभूमीवर काढली होती. ती वर्षे बाजूला ठेवून ब्रिस्कोबद्दल बोलणे अन्यायाचे होईल.

ऑरबॅक यांचा जन्म १९३५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. वडील एकेकाळी व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी-नकला-विनोदांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत, काम करत, तर आई रेडिओवर गात असे. इलिनॉयमध्ये शिक्षण घेऊन विशीच्या उंबरठ्यावर ते न्यूयॉर्कला परतले आणि ग्रीनिच व्हिलेजमध्ये दीर्घकाळ चाललेल्या ‘द थ्रीपेनी ऑपेरा’त बदली नट म्हणून शिरले. तिथे एकेक भूमिका करत ते मॅक द नाइफच्या मुख्य भूमिकेपर्यंत पोहोचले.

३ मे १९६० रोजी सलिव्हन स्ट्रीटवरच्या जेमतेम दीडशे आसनांच्या नाट्यगृहात ‘द फँटॅस्टिक्स’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यात एल गायो हा निवेदक ऑरबॅक यांनी उभा केला आणि ‘ट्राय टु रिमेंबर’ हे गाणे रंगमंचावर प्रथम गायले. सुरुवातीच्या परीक्षणांनी फारसा उत्साह दाखवला नाही, तरी हे नाटक जानेवारी २००२ पर्यंत सलग चालले आणि त्याचे १७,१६२ प्रयोग झाले. ऑरबॅक मात्र वर्षभरातच ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, गेले. डेव्हिड मेरिक यांची निर्मिती आणि गॉवर चँपियन यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘कार्निव्हल!’मध्ये (१९६१) त्यांना कडवट स्वभावाच्या कळसूत्रीकाराची भूमिका मिळाली. मेरिक यांच्याच ‘प्रॉमिसेस, प्रॉमिसेस’ने (१९६८) त्यांना टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळवून दिला. त्या नाटकातल्या संगीतकार बर्ट बॅकरॅक यांच्या चाली ताल सारख्या बदलणाऱ्या आणि गायकाची दमछाक करणाऱ्या आहेत. तरीही ध्वनिमुद्रणात ऑरबॅक त्या सहज बोलल्यासारख्या गातात, आणि माझ्या मते त्यांच्या कलेचे मर्म इथेच सापडते. गाणे संपले कुठे आणि संवाद सुरू झाला कुठे, याचा सांधा ते दिसू देत नाहीत.

१९७५ मध्ये बॉब फॉसी यांच्या ‘शिकागो’त त्यांनी बिली फ्लिन हा वकील प्रथम रंगवला. त्यानंतर आले ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’. २५ ऑगस्ट १९८० रोजी, पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच, दिग्दर्शक चँपियन यांचे निधन झाले. मेरिक यांनी ही बातमी प्रयोग संपेपर्यंत दडवून ठेवली आणि अखेरच्या टाळ्या चालू असताना रंगमंचावर येऊन जाहीर केली. नटसंच जागच्या जागी कोसळला असताना पडदा पाडण्याची सूचना ऑरबॅक यांनी दिली. एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली त्यांनी ब्रॉडवेवर पाऊल ठेवले होते, त्या माणसाच्या मृत्यूची ती वार्ता होती.

हे नाटक ३,४८६ प्रयोगांपर्यंत चालले, पण ब्रॉडवेवर ऑरबॅक यांनी घडवलेली ती शेवटची भूमिका ठरली. ऐंशीच्या दशकात ब्रॉडवेचा तोल बदलला. १९८२ मध्ये लंडनहून ‘कॅट्स’ आले, आणि पुढे ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ला जागा देण्यासाठी खुद्द ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ला मॅजेस्टिक नाट्यगृह सोडावे लागले. भव्य नेपथ्याच्या आणि जवळजवळ अखंड गाण्यात चालणाऱ्या या नाटकांत, हजरजबाबी संवादावर स्वार होऊन गाण्यात शिरणाऱ्या अस्सल न्यूयॉर्की नायकाला फारसा वाव उरला नाही. ऑरबॅक चित्रपट-मालिकांकडे वळले, त्यामागे हे एक मोठे कारण होते असे मला वाटते. ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ (१९८१) आणि ‘डर्टी डान्सिंग’ (१९८७) या चित्रपटांतल्या भूमिका गाजल्या. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) या अ‍ॅनिमेशनपटातल्या ल्युमिएर या मेणबत्तीदानाला त्यांनी आवाज दिला, त्यामुळे त्यांचे गाणे नव्या पिढीच्या कानांवर पडले.

‘लॉ अँड ऑर्डर’चे चित्रीकरण न्यूयॉर्कमध्येच होत असल्याने शहरातल्या रंगभूमीच्या नटांना तिथे सतत काम मिळे. ऑरबॅक यांनीही आधी एका भागात बचावपक्षाचा वकील रंगवला होता. पुढे ब्रिस्कोच्या आधीचा डिटेक्टिव्ह रंगवणारे पॉल सोर्व्हिनो मालिका सोडून गेले. ऑपेरासाठी त्यांना आवाज जपायचा होता आणि रस्त्यावरचे, उघड्यावरचे चित्रीकरण त्यांना मानवत नव्हते. म्हणजे एका गायक नटाने रिकामी केलेली जागा दुसऱ्या गायक नटाने घेतली. ब्रिस्को गात नाही. पण बहुतेक भागांच्या आरंभी मृतदेहाशेजारी उभा राहून तो एका वाक्याची जी कोटी करतो, तिचा शेवटचा शब्द किती रोखायचा आणि नेमका कधी सोडायचा, हे भान आठवड्याला आठ प्रयोग करणाऱ्या नटाचे आहे.

२८ डिसेंबर २००४ रोजी कर्करोगाने ऑरबॅक यांचे निधन झाले. मालिकेतले त्यांचे काम आज कधीही पाहता येते, रंगमंचावरचे मात्र मुख्यतः ध्वनिमुद्रिकांतून ऐकावे लागते. ‘शिकागो’चे १९९६ मधले पुनरुज्जीवन ब्रॉडवेवर दीर्घकाळ चालत राहिले आहे, आणि त्यात बिली फ्लिन करणारा प्रत्येक नट मूळ संचात ऑरबॅक यांनी प्रथम गायलेली गाणी गातो.