सोडियम कमी की पोटॅशियम? दोन्ही ‘क्षार’च, पण उपाय वेगळे

रक्ताच्या रिपोर्टवर दोघं एकाखाली एक असतात, आणि घरी सांगताना दोन्हींचं ‘क्षार कमी झालेत’ एवढंच होतं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

मूळ फरक जागेचा आहे. सोडियम मुख्यतः पेशींबाहेरच्या पाण्यात असतं. रक्तात त्याचं प्रमाण लिटरमागे 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट. पोटॅशियमचा सुमारे 98 टक्के साठा पेशींच्या आत, रक्तात जेमतेम 3.5 ते 5. पेशीच्या पडद्यातला पंप दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना त्याच्या शोधासाठी 1997 चं नोबेल मिळालं.

सोडियमचा आकडा वाचताना आधी पाण्याचा विचार करावा. तो घसरला म्हणजे बहुतेकदा मीठ कमी पडलेलं नसतं, शरीरात पाणी जास्त साठलेलं असतं. ते पाणी पेशींत शिरतं, मेंदूला सूज येते: मळमळ, असंबद्ध बोलणं, शेवटी झटके. म्हणून आजोबांना चमचाभर मीठ चारणं हा उपाय नव्हे; हृदय कमजोर असेल तर त्याने सूज आणि धाप वाढते. थायझाइड गटाची बीपीची गोळी सोडियम उतरवू शकते; ती चालू असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. दीर्घकाळ उतरलेलं सोडियम भराभर वाढवणंही घातक, 24 तासांत साधारण 8 पेक्षा जास्त चढू देत नाहीत.

पोटॅशियमचा धोका थेट हृदयाच्या ठोक्याला. कमी झालं तर पाय गळतात, पोट फुगतं, 6.5 च्या वर गेलं तर ठोका अनियमित होऊन हृदय थांबू शकतं, तेही आधी काही न जाणवता. अशा वेळी कॅल्शियम ग्लुकोनेटने हृदय सावरतात, इन्सुलिन-ग्लुकोजने पोटॅशियम पेशींत ढकलतात, मग शरीराबाहेर काढतात. (सुई घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो. रुग्ण ठणठणीत असेल तर नमुना पुन्हा घ्यावा.)

स्वयंपाकघरातली खरी चूक ‘लो सोडियम’ मिठाची. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालतं, पण मूत्रपिंड अधू असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील तर ते टाळावं. तिथे नारळपाणीही नको. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी ओतून द्यावं, बरंचसं पोटॅशियम त्यातून निघून जातं. सैंधव मात्र वेगळं नाही: तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.