स्क्रीन काळी पडली? दुकानात येण्याआधी एवढं करून बघा

फोन काळा पडला की माणूस आधी पॉवरचं बटण दाबतो, मग जोरात दाबतो, मग तळहातावर आपटतो. आपटणं तेवढं टाळा. काउंटरवर ‘डेड झालाय’ म्हणून आलेले कितीतरी फोन आतून ठणठणीत असतात, फक्त दिसत काही नसतं. काही तर उघडावेही लागत नाहीत. अशा कामाचे पैसे घ्यायला आम्हालाच अवघड होतं, म्हणून हा कागद.

आधी रिंग द्या

दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरवर कॉल करा. रिंग वाजली किंवा फोन थरथरला तर बोर्ड (फोनच्या आतलं मुख्य सर्किट) आणि बॅटरी चालू आहेत, दुखणं बहुधा डिस्प्लेचं आहे. ‘स्विच ऑफ’ ऐकू आलं तर संशय चार्जिंगवर, बॅटरीवर किंवा बोर्डावर. एवढं सांगितलंत तरी आमचं निम्मं काम होतं.

फोन बंदच असेल तर चालू असल्याची खात्री असलेल्या केबल-ॲडॅप्टरवर अर्धा तास लावून ठेवा. बॅटरी पार उतरली असेल तर पहिली काही मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि लोक नेमकी तेव्हाच पिन काढतात. चार्जिंगच्या भोकात खिशातली कापसासारखी लव साठलेली असते. ती लाकडी टूथपिकने हलकेच काढा. टाचणी किंवा सुई घालू नका.

बटणं धरून रीस्टार्ट

यात फोटो, नंबर, काहीही पुसलं जात नाही. सॅमसंगवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद धरा. बाकीच्या बहुतेक अँड्रॉइडवर नुसतं पॉवरचं बटण तीस सेकंदांपर्यंत. आयफोन 8 आणि त्यापुढच्यांवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, लगेच कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. हात मध्येच सुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

बटणांची जोडी चुकली तर भलताच मेनू उघडतो. रेडमी-पोकोवर ‘फास्टबूट’ अशी अक्षरं आली तर घाबरू नका, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद धरलं की फोन त्यातून बाहेर येतो. पण बारीक अक्षरांच्या यादीत ‘वाइप डेटा’ दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. डिस्प्ले बदलून सुटला असता असा प्रश्न त्या एका दाबाने मुलीच्या बारशाच्या फोटोंसकट सुटतो.

बिघाड नसलेले बिघाड

एक आजोबा आले होते. ‘टच गेला, आणि फोन आपला आपण बडबडतो,’ म्हणाले. आवाजाची दोन्ही बटणं खिशात एकदम दाबली जाऊन ‘टॉकबॅक’ सुरू झालं होतं. दृष्टिहीनांसाठी असलेली ही सोय चालू असली की एकदा टेकवलेलं बोट फक्त नाव वाचून दाखवतं, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, आणि सरकवायला दोन बोटं लागतात. तीच दोन बटणं तीन-चार सेकंद धरली आणि टच ‘परत आला’. चहा मात्र आजोबांनी पाजलाच.

दुसरं, कॉल चालू असताना स्क्रीन काळी होते आणि कट करता येत नाही. वरच्या कडेजवळचा सेन्सर कान जवळ आहे असं समजत असतो. जाड टेम्पर्ड ग्लास, चिकटलेली धूळ, नाहीतर कव्हरची कड, यांतलं काहीतरी निघतं.

टच आपोआप उड्या मारतो तोही नेहमी बिघडलेलाच असतो असं नाही. चार्जर काढून बघा. हलक्या ॲडॅप्टरमधून येणारी विजेची खळबळ टचला बोटासारखी भासते. पावसात ओल्या बोटांचंही तेच, पाण्याचा थेंबही टचला बोटच वाटतो.

डिस्प्ले गेलाच असेल तर

अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत स्क्रीनवर तिरका मारा. आत पुसट चित्र दिसलं तर तो एलसीडी, म्हणजे मागून प्रकाश लागणारा डिस्प्ले आहे आणि गेलाय तो मागचा प्रकाश. ओलेड या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलला असा मागचा प्रकाशच नसतो. तिथे शाई सांडल्यासारखा डाग पसरतो किंवा उभी हिरवी रेघ येते. डाग वाढत जातो, म्हणून दिसतंय तोवर बॅकअप घ्या.

चित्र दिसतंय पण टच चालत नाही, तर ओटीजी जोडणी (चार्जिंगच्या भोकात बसणारा, यूएसबी वस्तू जोडायचा छोटा तुकडा) लावून साधा कॉम्प्युटरचा माऊस जोडा. बहुतेक अँड्रॉइडवर बाण येतो, त्याने पिन टाकून फोटो दुसरीकडे पाठवता येतात. ओटीजी घरी नसेल तर दुकानात येऊन वापरा, त्याचे पैसे नाहीत.

फोल्डर (काच, टच आणि डिस्प्ले असा जोडलेला अख्खा भाग) बदलताना किंमत विचारा, आणि माल कुठला तेही विचारा. ओलेडच्या फोनला स्वस्तातला एलसीडी फोल्डर बसतो, पण स्क्रीनखालचं फिंगरप्रिंट सहसा बंद पडतं. आम्ही दोन्ही बसवतो, मात्र सांगून. फोन वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. हिरवी रेघ असेल तर वॉरंटी संपली असली तरी तिथे चौकशी करा, काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलना डिस्प्ले फुकट बदलून दिले आहेत. आमचं एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पाणी

चिपळूणकरांना पाण्याबद्दल आम्ही काय सांगणार! जुलै 2021 च्या पुरानंतर गाळाने भरलेले फोन पिशव्या भरभरून आले. घरी ‘चालू होतो का बघू’ म्हणून चार्जिंगला लावलेल्यांचे बोर्ड जळालेले होते, नुसते बंद करून ठेवलेल्यांतले काही वाचले. भिजला की बंद करा, सिम ट्रे काढा, पुसा, चार्जर लावू नका, हेअर ड्रायर मारू नका. तांदळाच्या डब्यात तर नकोच. तांदळाचे कण आत जातात, ॲपलनेही 2024 मध्ये तसं करू नका म्हणून सांगितलं. तांदूळ भातालाच ठेवा.

स्क्रीन कडेने उचलली गेली असेल तर बहुधा बॅटरी फुगली आहे. स्क्रीन दाबून बसवू नका, चार्ज करू नका, त्याच दिवशी आणा.

येताना

सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. खोक्यावरचा आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) जवळ असू द्या, कारण काळ्या स्क्रीनवर *#06# लावून तो बघता येत नाही. आताच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो, तुमच्या पिनशिवाय तो आम्हालाच काय कुठल्याच दुकानाला सहसा वाचता येत नाही. ‘पिन नसली तरी काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे आधी देऊ नका. पिन चिठ्ठीवर लिहून कव्हरमध्येही ठेवू नका. फोन तयार झाला की आम्ही बोलावतो, तेव्हा तुमच्या हातानेच टाका.