संमीलन ते उन्मीलन : ग्रहणाचा चष्मा कधी काढायचा, या प्रश्नाची पार्श्वभूमी

१६ फेब्रुवारी १९८० हा शनिवार होता. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा, म्हणजे जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो तो भूभाग, त्या दुपारी कारवारच्या बाजूने देशात शिरला आणि रायचूरवरून ओडिशाच्या किनाऱ्याकडे गेला. दक्षिण महाराष्ट्रात सूर्याची जेमतेम कोर उरली होती. रस्ते मात्र ओस पडले होते. लोकांनी घरातच बसावं म्हणून सरकारी दूरचित्रवाणीने भर दुपारी हिंदी चित्रपट लावला होता. ग्रहणाबद्दल आपल्याकडे आज जो गोंधळ आहे, त्याची मुळं माझ्या मते त्या दुपारच्या निर्णयात आहेत.

निर्णयाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. डोळ्यांच्या पडद्याला वेदना कळत नाही. पडदा भाजला तरी त्या क्षणी काही जाणवत नाही, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नेमक्या मधोमध डाग दिसू लागतो. कोट्यवधी लोकांना पुरतील असे चष्मे तेव्हा नव्हते. एकच सूचना सगळ्यांपर्यंत पोचवायची, तर ‘पाहू नका’ एवढीच पोचणार होती.

पण ती सूचना पोचली ती वेध, सोवळं, पाण्यात टाकलेली तुळशीची पानं आणि गरोदर बाईने सुरी न धरणं, या सगळ्याच्या रांगेत जाऊन बसली. डोळ्याला नेमकं कशाने इजा होते हे सांगायचं राहिलं. लोकांना वाटलं, ग्रहणाच्या सूर्यातून वेगळेच किरण येतात. तसं काही नसतं. सूर्य रोजचाच असतो. फरक इतकाच की एरवी त्याच्याकडे कोणी टक लावून बघत नाही.

ज्यांनी पाहिलं त्यांनी घरगुती उपायांनी पाहिलं. कंदिलावर काजळी धरलेली काच, कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे, परातीतलं हळदीचं पाणी. फासळ्यांच्या पांढुरक्या रेघांमधून सूर्य जास्त लख्ख दिसतो म्हणून मुलं एक्स-रे सरकवत राहायची, आणि तीच जागा सर्वांत धोक्याची. परातीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. सूर्य डोक्यावर असताना पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे २ टक्के प्रकाश परततो. २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ग्रहणाच्या चष्म्यातून ०.००३२ टक्क्यांहून जास्त दृश्य प्रकाश आत येता कामा नये. म्हणजे परातीतला सूर्य त्या मर्यादेच्या सहाशे पट तेजस्वी असतो. पाण्यात हळद असो वा शेण. त्यापेक्षा पिंपळाखालच्या जमिनीवर पानांच्या फटींतून पडलेल्या सूर्याच्या शेकडो कोरी बघाव्यात. सूर्याकडे पाठ असते, डोळ्याला काहीच होत नाही.

२४ ऑक्टोबर १९९५ ला चित्र पालटलं. ग्रहण दिवाळीत आलं होतं, आकाश मोकळं होतं, चंदेरी पापुद्र्याचे चष्मे हातोहात फिरत होते. पंधरा वर्षांपूर्वी लोकांना घरात ठेवणाऱ्या त्याच दूरचित्रवाणीने ग्रहण थेट दाखवलं. राजस्थानात नीम का थाना इथे माणसं मुद्दाम जाऊन थांबली, मिनिटभराहूनही कमी वेळाच्या खग्रासासाठी.

नवा घोळ इथूनच सुरू झाला, आणि तो शब्दाचा आहे. बातमीत ‘खग्रास सूर्यग्रहण’ असतं तेव्हा तो ग्रहणाचा प्रकार असतो: पृथ्वीवर कुठेतरी सूर्य पूर्ण झाकला जाणार, एवढंच. आपल्या गावातून ते खंडग्रासही असू शकतं, आणि बहुधा तेच असतं. ‘खग्रास असताना चष्मा काढला तरी चालतो’ हे वाक्य खरं आहे, पण ते पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसासाठी. पट्ट्याबाहेरच्या माणसाने ते वाचून चष्मा काढला तर डोळा गेला. ९९ टक्के ग्रास म्हणजे जवळजवळ खग्रास नव्हे. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी; त्याचा एक टक्का उरला तरी चार हजार चंद्र झाले.

आणि या घोळावरचा उतारा आपल्या पंचांगातच छापलेला असतो. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. संमीलन म्हणजे सूर्य पूर्ण मिटला, उन्मीलन म्हणजे तो पुन्हा उघडला. चष्मा काढायची मुभा फक्त या दोन क्षणांच्या मध्ये. तुमच्या गावासाठी या दोन वेळा दिलेल्याच नसतील, तर तुमच्याकडे खग्रास नाही आणि चष्मा शेवटपर्यंत डोळ्यांवर. ‘उघड्या डोळ्यांनी पाहू नका’ या सरसकट वाक्यापेक्षा हे कितीतरी नेमकं आहे, तरी ग्रहणाच्या सूचनांमध्ये ते क्वचितच दिसतं. त्यातही उन्मीलन जास्त घातक. अंधारात बाहुली विस्फारलेली असते आणि सूर्याची पहिली ठिणगी थेट आत जाते.

जागा निवडण्याचा प्रश्न जुनाच आहे. २२ जानेवारी १८९८ ला पट्टा आपल्याच महाराष्ट्रावरून गेला, तेव्हा परदेशी खगोलशास्त्रज्ञांच्या तुकड्या विजयदुर्गला आणि सोलापूरकडच्या जेऊरला येऊन थांबल्या होत्या. विजयदुर्गला युद्धनौकेच्या खलाशांना निरीक्षणाची कामं वाटून देऊन आधी सराव घेतला होता. पुढे ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ ही दोन्ही ग्रहणं पावसाळ्यात सापडली. सुरतपासून बिहारच्या तारेगणापर्यंत जमलेल्या गर्दीतल्या कित्येकांना फक्त ढग काळे होताना दिसले.

म्हणून आता नियोजन म्हणजे आधी नकाशा, मग हवामान, मग चष्मा. १२ ऑगस्ट २०२६ च्या पट्ट्यात स्पेनमधली बुर्गोस, झारागोझा, वॅलेन्सिया येतात. माद्रिद आणि बार्सिलोना थोडक्यात बाहेर राहतात. शिवाय तिथे सूर्य मावळतीला टेकलेला असतो, पश्चिमेला एखादी टेकडी आडवी आली की संपलं. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरच्या परिसरात सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या बातम्यांतही मथळा ‘खग्रास’च असेल, आणि इथून मात्र दुपारनंतर, ढगांनी वाट दिली तर, दिसेल ते खंडग्रास. भारतात पुढचं खग्रास थेट २० मार्च २०३४ ला, काश्मीर-लडाखच्या बाजूला.

जाणाऱ्यांनी चष्म्याला टाचणीएवढंही भोक नाही ना, हे दिव्यासमोर धरून बघावं. दुर्बिणीची गाळणी (फिल्टर) पुढच्या भिंगावर लावावी, डोळ्याकडच्या भिंगावर कधीच नाही. आणि घोळक्यातल्या एकाने आकाश सोडून घड्याळाकडे बघावं आणि उन्मीलनाच्या दहा सेकंद आधी मोठ्याने ओरडावं: चष्मे लावा!